ताकदीचं काम म्हणे!

दर वर्षी ८ मार्च जवळ आला की मला फोन येऊ लागतात. "ताई, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला या. तुम्ही गॅरेजात काम करता, तुमचा अनुभव बायकांना सांगा." ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, जिथून बोलावणं येईल तिथे मी जाते. प्रेमानं बोलावतात, शाल देतात. आणि प्रश्न ठरलेले असतात. गॅरेजात पहिल्यांदा पाय ठेवताना भीती नाही वाटली? घरचे काय म्हणाले? हात काळे होतात, त्याचं काय करता? सभा संपताना कुणीतरी म्हणतं, "केवढी हिंमत!" आणि टाळ्या पडतात.

इतक्या वर्षांत एकाही सभेत मला कुणी विचारलं नाही की बाई, तू दिवसभर नेमकं काय करतेस?

मैत्रिणींनो, रागावू नका, पण ही माझी तक्रार आहे. आपण बाईच्या हिंमतीचं कौतुक करतो आणि तिच्या कामाकडे बघत नाही. कामच बघितलं नाही, तर ते काम बायकांना का दिलं जात नाही याचं खरं कारणही आपल्याला कळत नाही. मालक सांगतो तेच कारण आपण खरं धरून चालतो. म्हणून आज मी एकच काम सविस्तर सांगणार आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सवर टॉर्क कन्व्हर्टर बसवण्याचं. हेच काम निवडलं, कारण याच कामासाठी मला चार वर्षं एक वाक्य ऐकवलं गेलं: "पोरी, हे ताकदीचं काम आहे."

आधी हे काय आहे ते सांगते. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. डाव्या पायानं तो दाबून आपण इंजिन गिअरपासून सोडवतो आणि पुन्हा जोडतो. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं. तिथे क्लचच्या जागी तेलानं भरलेला, मोठ्या बंद डब्यासारखा गोल भाग असतो. तो टॉर्क कन्व्हर्टर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा आपोआप फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. एक पंखा इंजिनबरोबर फिरतो आणि तेल फेकतो, दुसरा त्या तेलाच्या जोरानं फिरतो आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो. दोघांच्या मध्ये तिसरं, छोटं चाक असतं, त्याला स्टेटर म्हणतात. परत येणारं तेल ते योग्य दिशेला वळवतं, आणि त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ देणारा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. टॉर्क म्हणजे हाच पीळ. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडताना मनगटातून लावतो तो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं ते मोठ्या जहाजांसाठी. मोटारीत ती पुढे आली.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडीला "बायकांची गाडी" म्हणायची रीत आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरला गाड्यांच्या रांगेत तासभर अडकून बघा, म्हणजे कळेल की क्लच दाबून पुरुषांचेही गुडघे दुखतात. गाडी घ्यायला ते हौसेनं घेतात, नाव मात्र बायकोचं. आणि "ऑटोमॅटिक" म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी आतून सारखी नसते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तुमच्या गाडीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर गॅरेजवाला नसलेल्या वस्तूचंही बिल लावू शकतो.

आता माझी गोष्ट. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी ठाण्यातल्या एका गॅरेजात लागले. मालकानं प्रमाणपत्र बघितलं, खूश झाला आणि मला काउंटरवर बसवलं. बिलं करायची, पार्ट्सची नोंद ठेवायची, गिऱ्हाइकांच्या बायका आल्या तर त्यांच्याशी बोलायचं. हळूहळू ऑइल बदलणं, ब्रेक पॅड घालणं मिळालं. गिअरबॉक्स उतरवायचा असला की मात्र मला बाजूला व्हायला सांगत.

एका शनिवारी संध्याकाळी एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त होऊन परत चढवत होते. गिऱ्हाईक बाहेर उभं, सगळ्यांना घाई. उस्तादांनी कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर ठेवला, जॅकवरून गिअरबॉक्स वर घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये बोटभर फट राहते आहे. दोघांनी बोल्ट लावले आणि पान्यानं आवळून ती फट मिटवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "उस्ताद, कन्व्हर्टर पूर्ण बसला नाही वाटतं." ते म्हणाले, "तू बिल बनव." गाडी चालू केली तेव्हा आतून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि एकही गिअर पडेना. आतला ऑइल पंप फुटला होता. नवा पंप, नवं तेल, पुन्हा दोन दिवसांची मजुरी.

खापर फुटलं ते गिअरबॉक्स धरून उभ्या असलेल्या मदतनीस पोरावर. त्याचा पगार कापला. मी सगळं बघितलं होतं आणि गप्प बसले. नुकती लागलेली नोकरी होती, बोलले असते तर काउंटरही गेलं असतं. ते गप्प बसणं मला आजही टोचतं. म्हणून हेही सांगते, की हा पुरुष विरुद्ध बाई एवढाच सरळ मामला नाही. त्या पोराला आणि मला, दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती.

आता हे काम बरोबर कसं करतात ते बघा. आधी गिअरबॉक्सच्या तोंडाचं ऑइल सील नवं घालायचं, त्याला तेल लावायचं. कन्व्हर्टरच्या नळीसारख्या मानेवर ओरखडा नाही ना, ते बोट फिरवून बघायचं, कारण ओरखडा सील कापतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा जळून चुरा झाला असेल, तर जुना कन्व्हर्टर तसाच परत लावायचा नाही, तेल थंड करणाऱ्या नळ्याही धुवून घ्यायच्या. मग कंपनीनं सांगितलेलं तेल, बहुतेक गाड्यांत लिटरभर, कन्व्हर्टरमध्ये आधीच ओतून ठेवायचं, म्हणजे पहिल्या क्षणी तो कोरडा फिरत नाही.

मग तो दांड्यावर सरळ धरायचा आणि हळूहळू फिरवत आत सरकवायचा. नुसतं ढकलून तो जात नाही. आत एकात एक तीन जोडण्या आहेत. स्टेटरचे दाते, दुसऱ्या पंख्याचे दाते, आणि शेवटी मानेवरच्या खाचा, ज्या तेलाच्या पंपात अडकतात. प्रत्येक जोडणी जुळली की हाताला एक टक्क कळतं आणि कन्व्हर्टर थोडा आणखी आत जातो. दुसऱ्या टप्प्याला पुष्कळांना वाटतं, झालं. तिथेच फसतात. मिक्सरचं भांडं मोटरवर नीट न बसवता बटण दाबलं की खालची चकती कशी झिजून जाते, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जात्याची वरची तळी खालच्या खुंट्यावर ठेवतानाही आपण ती अशीच जरा फिरवून बसवतो.

पूर्ण बसला हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, मोजायचं. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि कन्व्हर्टर तिच्यापासून किती खोल आहे ते मापून कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं. मग तो बाहेर सरकणार नाही असा बांधून गिअरबॉक्स वर न्यायचा. बेल हाउसिंग इंजिनाला हातानंच पूर्ण टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर थांबायचं, उतरवायचं, पुन्हा बसवायचं. बोल्ट आवळून फट मिटवायची नाही, हा या कामाचा पहिला नियम. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या व इंजिनाच्या पातळ प्लेटच्या मध्ये काही मिलिमीटर जागा उरली पाहिजे. मग तो पुढे ओढून प्लेटला बोल्टनं जोडायचा. बोल्ट नेमक्या लांबीचेच हवेत, लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून पोचा पाडतो. आणि ते टॉर्क पान्यानं, सांगितलेल्या मापापर्यंतच आवळायचे.

वाचलंत? यात ताकद कुठे आहे? हे काम ताकदीनं बिघडतं. त्या शनिवारी जे मोडलं ते जोर लावल्यामुळेच मोडलं.

आणि वजनाचंच म्हणाल तर साध्या मोटारीचा रिकामा कन्व्हर्टर साधारण दहा-पंधरा किलोचा. पूर्ण गिअरबॉक्स जड असतो, पण तो कुणीच हातानं उचलत नाही, उचलायचाही नसतो. त्याला जॅक असतो. घरच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, आणि चाळीच्या जिन्यावरून तो कोण वर नेतं? घोडबंदरच्या टोलेजंग इमारतींवर वाळू-सिमेंटच्या पाट्या कोण वाहतं? भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर कातकरी बायका डोक्यावर विटा वाहतात, तिथे कुठला मालक म्हणतो, "राहू दे बाई, हे ताकदीचं काम आहे"? बाईची ताकद कमी पडते ती फक्त चांगली मजुरी मिळणाऱ्या कामातच.

हे नुसतं गॅरेजवाल्यांच्या डोक्यात नव्हतं, कायद्यातही होतं. १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम २२ काढून बघा. चालू यंत्र तपासायचं, त्याला वंगण द्यायचं तर ते काम अंगाबरोबर कपडे घातलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या "प्रौढ पुरुष कामगारानंच" करायचं. आणि शक्ती वाहून नेणारी यंत्रं, म्हणजे शाफ्ट, पट्टे, पुल्या, चालू असताना ती साफ करायला, त्यांना वंगण द्यायला किंवा जुळवायला बाई आणि अल्पवयीन मुलं यांना मनाई. धोका खरा होता, हे मी नाकारत नाही. साडीचा पदर पट्ट्यात अडकून बायका गेल्या आहेत. पण त्यावर उपाय बाईलाही अंगाबरोबर कपडे आणि प्रशिक्षण देणं हा होता. कायद्यानं धोका तसाच ठेवला आणि बाईला बाहेर काढलं. विजेवर चालणाऱ्या आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गॅरेजला तर तो कायदा सहसा लागूही नव्हता. त्यामुळे कायद्यानं घेतलेला संशय तेवढा तिथे पोचला आणि कायद्यानं दिलेलं बायकांचं वेगळं संडास-बाथरूम काही पोचलं नाही.

तो कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५पासून कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य याविषयीची २०२०ची संहिता लागू झाली. तिच्यात कलम ४३ म्हणतं की सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर बायकांना घेता येईल, आणि त्यांची संमती असेल तर रात्रीही. ही संहिता कामगारांच्या हक्कांसाठी एकूण किती घातक आहे, यावर आपल्या संघटनांनी पुष्कळ बोललं आहे, आणि ज्या बाईला उद्या पगार हवा आहे तिची "संमती" म्हणजे काय, हा प्रश्न मलाही पडतो. पण "सर्व प्रकारची कामं" हे शब्द आता कागदावर आहेत. ते आपण वापरायला शिकलं पाहिजे.

इथे एक सावधगिरीची सूचना. माझी ही हकिकत ऐकून काही जणी म्हणतात, "बरोबर आहे, बायकांचा हातच हलका, बायका मुळातच सोशिक." कृपा करून असं म्हणू नका. अंधेरीच्या सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी बायकांची नाजूक बोटं आणि सोशिक स्वभाव बघूनच त्यांना भरती केलं, आणि त्याच नाजूकपणाच्या नावानं पगारही नाजूक ठेवला. माझा हात जन्मानं हलका नाही. पहिल्यांदा मी कन्व्हर्टर लावला तो भर पावसाळ्यात, गॅरेज रिकामं असताना. उस्तादांना म्हटलं, "आज मला लावू द्या, तुम्ही बघा." मला पाऊण तास लागला, दोनदा चुकले, तिसऱ्या टक्क्याला घाम फुटला होता. उस्तादांनी स्वतः पट्टी लावून खोली मोजली आणि म्हणाले, "बसला." त्यांचं हे ऋण मी मानते. हात बसतो तो करून करून. तो उस्तादांचा का बसलेला? लहानपणापासून त्यांच्या उस्तादांनी पाने हातात दिले म्हणून. बालमजुरी वाईटच, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण विद्या गॅरेजात अशी मुलांच्या हातातून हातात जाते, आणि मुलगी तिथे विसाव्या वर्षी कागद घेऊन पोचते. तिला कुणी पाना दिला नाही तर तिचा हात बसणार कधी?

आता आपल्या चळवळीविषयी. आपण स्टिअरिंगपर्यंत पोचलो, हे खरंच मोठं आहे. कल्याणला प्रशिक्षण घेऊन रेल्वेत आलेल्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन चालवली, २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. २०१६ साली राज्य सरकारनं रिक्षाचे ५ टक्के परवाने बायकांसाठी राखले आणि ठाण्यात अबोली रंगाच्या रिक्षा धावू लागल्या. पण अबोली रिक्षा बंद पडली की ती नेतो कुठे? पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीच्या एका संपूर्ण ओळीवर १,५००हून अधिक बायका काम करतात. या दोन्ही गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. म्हणजे गाडी जुळवताना बाई चालते, आणि तीच गाडी ठाण्याच्या गॅरेजात बिघडून आली की ते काम ताकदीचं होतं! कारण कारखान्याला बायका घ्यायच्या होत्या, तर त्यांनी शिकवलं, अवजारं दिली, संडास बांधले. गॅरेजवाल्याला यातलं काही करायचं नाही, म्हणून तो ताकदीचं नाव पुढे करतो.

मग आपण काय करायचं? मला सुचतं ते असं.

आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुली थोड्याच दिसतात आणि शिवण-ब्यूटी पार्लरच्या वर्गात गर्दी असते. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन मुलींच्या आयांशी बोलावं. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मुलगी कुठे लागली, तर तिला पाना मिळतो की बिलबुक, हे महिन्या-महिन्यानं विचारावं. दहापेक्षा कमी माणसांच्या गॅरेजात छळ झाला तर तिथे अंतर्गत समिती नसते. २०१३च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगावं. गॅरेजांच्या रांगेत एक तरी स्वच्छ संडास असावा यासाठी महापालिकेच्या मागे लागावं. मी कित्येक वर्षं दुपारी पाणी न पिता काढली, ती कुणाच्या हिंमतीत मोजायची?

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ऑटोमॅटिक गाडी आहे, त्यांनी गॅरेजात गेल्यावर स्वतः विचारा: कन्व्हर्टरची खोली मोजली का? किती आली? तेल कुठलं घातलं? मेकॅनिक उत्तर तुमच्या नवऱ्याकडे बघून देईल. त्याला सांगा, प्रश्न मी विचारला आहे.

पुढच्या ८ मार्चला मला जरूर बोलावा. शाल नको. भंगारात निघालेला एक गिअरबॉक्स आणि त्याचा कन्व्हर्टर मी टेम्पोत घालून आणीन, तुम्ही खाली अंथरायला जुनं फडकं तेवढं ठेवा. भाषण दहा मिनिटांत आटपू. मग एकेकीनं येऊन तो हातानं फिरवून बसवायचा, तिसरं टक्क येईपर्यंत.